डाव्या खांद्याची रायफल

माझी भाची एल्ना चौदा वर्षांची झाली, त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी भिंतीवरची रायफल उतरवली, नळी साफ केली, लाकडाला तेल चोळलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. चौदा पूर्ण झाल्याशिवाय आमच्याकडे बंदुकीनं हरीण मारायचा परवाना मिळत नाही, आणि चौदा पूर्ण झाल्यावर नोव्हेंबरात, शिकारीच्या हंगामात, घरी बसून राहिलेलं मूल आमच्या, लाम्पींच्या, घरात अजून जन्माला आलेलं नव्हतं.

ती रायफल वडिलांनी तरुणपणी, लाकूडतोडीच्या छावणीत असताना घेतलेली. मोठ्या काडतुसाची, जड, आणि दर गोळीनंतर ओढायचा बोल्ट, म्हणजे दांडी, उजव्या बाजूला. माझा भाऊ, म्हणजे एल्नाचा बाप रॉय, यानं पहिलं हरीण तिनंच मारलं, त्याच्या आधी मी मारलं. एल्नाच्या बारशाला पाद्री अजून चर्चमधून बाहेर पडले नव्हते तेव्हाच वडिलांनी सांगून टाकलं होतं, की ही रायफल या पोरीची. माझे वडील, उर्हो लाम्पी, एकदा बोलले की बोलले. मुळात ते वर्षाकाठी फार बोलत नसत, त्यामुळे जे बोलत ते सगळ्यांच्या लक्षात राही.

पण बारशाच्या वेळी एल्नाला दोन डोळे होते. आठ वर्षांची असताना टेकडीवरून घसरगाडीनं खाली येताना बर्चची एक सुकी फांदी तिच्या उजव्या डोळ्यात गेली. डॉक्टरांनी बुबुळ वाचवलं, नजर वाचली नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला त्या डोळ्यानं कळतं. महिनाभर घरात सगळे दबक्या आवाजात बोलत होते. एल्ना मात्र पट्टी निघाल्या निघाल्या पुन्हा टेकडीवर गेली, आणि तिची आई डोरिस खिडकीशी उभी राहून रडली.

मी टपाल वाटते. सकाळी गाडी घेऊन निघते, जंगलातल्या रस्त्यांवरच्या सगळ्या पेट्या भरते आणि दुपारी मोकळी होते. दर सप्टेंबरला गावच्या सभागृहात नव्या शिकाऱ्यांचा वर्गही मीच घेते, कारण दुसरं कुणी घेत नाही. एल्नाला दहाव्या वर्षापासून मी छऱ्याची बंदूक डाव्या खांद्याला लावायला शिकवली. ती उजव्या हातानं लिहिते, उजव्या हातानं जेवते, पण बंदूक डाव्या खांद्यावर. सुरुवातीला तिचा हात गोंधळायचा. मग गोंधळायचा थांबला. बारा वर्षांची झाली तोवर ती कुंपणावरचे डबे माझ्याआधी पाडायला लागली होती. वर्गात वय बसत नसताना सलग दोन वर्षं मागच्या बाकावर येऊन बसली, आणि पोरांची उत्तरं चुकली की तिथून नुसतं नाक मुरडायची.

वडिलांनी रायफल टेबलावर ठेवली त्या रविवारी आम्ही चौघं खडीच्या खाणीवर गेलो. एल्ना, रॉय, माझे वडील, म्हणजे एल्नाचे उक्की, आणि मी. आमच्यात आजोबांना उक्की म्हणतात. मागे खडीची उंच भिंत, समोर खोक्यावर कागद. एल्नानं रायफल डाव्या खांद्याला लावली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा लाकडी भाग, इतका लांब, की तिला मान पुढं ताणावी लागली आणि पुढचा हात सरळ काठीसारखा झाला. तिनं गोळी झाडली. धक्क्यानं ती अर्धं पाऊल मागं सरकली. दुसरी गोळी भरायची तर बोल्ट पलीकडच्या बाजूला. रायफल खांद्यावरून काढून, हात वरून पलीकडे नेऊन तिला तो ओढावा लागला. तिसऱ्या गोळीला मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चाप ओढायच्या आधीच, धक्क्याच्या धास्तीनं, तिचा चांगला डोळा मिटला.

तिलाही ते कळलं. तिनं बोल्ट उघडला, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली आणि रायफल आडवी धरून उक्कींच्या हातात दिली.

"उक्की, रायफल फार चांगली आहे. पण ती माझ्या अंगाची नाही."

"बसेल अंगाला," वडील म्हणाले. "चौदाचा असताना मलाही सगळं मोठंच होतं."

"तुम्हांला उजवा डोळा होता."

तिच्या बोलण्यात कुरकुर नव्हती, तक्रार नव्हती. आज बुधवार आहे म्हणावं, तसं ती म्हणाली. वडिलांनी रायफल खोळीत घातली आणि जाऊन गाडीत बसले. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. पुढचे बरेच दिवसही बोलले नाहीत. आमच्या घरात राग असाच असतो. ताटं आपटत नाहीत. कॉफी ओतली जाते, पण 'घे' म्हणत नाहीत.

रॉयनं तिला खूप सुनावलं. म्हणाला, म्हाताऱ्या माणसानं चौदा वर्षं जपून ठेवलेली वस्तू, एक हिवाळा वापरली असतीस तर काय बिघडलं असतं? त्यावर ती म्हणाली, की मी 'बसते' म्हणून खोटं सांगितलं असतं तर ते खाणीवर खपलं असतं, जंगलात नाही. डोळा मिटून मारलेली गोळी हरणाच्या पोटात लागली आणि ते दिवसभर तसंच पळत राहिलं, तर त्याला उक्कींच्या मनाची गोष्ट कोण समजावणार? लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक उतारावरून खाली आणायला रॉय घाबरत नाही, पण या मुलीशी वाद घालायला घाबरतो.

डोरिसला मात्र बरं वाटलं. ती पुलापलीकडची, दक्षिणेला डेट्रॉइटकडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिला नोव्हेंबरात शाळेला सुट्टी का देतात तेसुद्धा ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, रायफल नको म्हणाली म्हणजे विषय मिटला.

"आई, मी रायफल नको म्हटलेलं नाही," एल्ना म्हणाली. "ही नको म्हटलंय. माझी मी निवडणार."

डोरिस माझ्याकडे बघायला लागली, जसं काही हे वाक्य मीच तिच्या तोंडात घातलं होतं. मी खांदे उडवले. शेवटी डोरिसनं अट घातली. काय घ्यायचं ते घ्या, पण आधी माझ्या टेबलावर आणा. मी बघीन. मला भीती वाटली तर ती तशीच दुकानात परत जाईल. एल्ना लगेच हो म्हणाली. इतकी लगेच, की डोरिसला आपण अट जरा कमीच घातली की काय असं वाटलं.

पुढच्या शनिवारी रॉय, एल्ना आणि मी पेन्रोझच्या दुकानात गेलो. पेन्रोझचे पूर्वज कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत कामाला आले, आमचे फिनलंडहून. शंभर वर्षं झाली तरी पास्टीत, म्हणजे मांस-बटाटे भरून भाजलेल्या मोठ्या करंजीत, गाजर घालायचं की नाही यावरून त्याचं आणि आमचं जमत नाही. दुकानात पुढं खिळे, कुलपं, बर्फाची फावडी, आणि मागच्या खोलीत बंदुका. आम्हांला बघून त्यानं विचारलं, की लाम्पींची पोरगी आणि दुकानात? तुमच्याकडे तर रायफल आईच्या दुधाबरोबर देतात ना? एल्ना म्हणाली, की दिली होती, लांबी चुकली.

पेन्रोझनं आधी एक छोटीशी, सुबक रायफल आणली. खास मुलांसाठी केलेली. हातात पिसासारखी. रॉयला ती लगेच आवडली. एल्नानं ती तोलून बघितली, बोल्ट कुठल्या बाजूला आहे ते बघितलं आणि विचारलं, की एवढी हलकी आहे तर धक्का जास्त देईल ना? काडतूस तेवढंच, वजन कमी, म्हणजे उरलेला सगळा धक्का माझ्या खांद्यात. पेन्रोझ माझ्याकडे वळला.

"हेल्मी, तुझ्या वर्गामुळे माझा धंदा बसणार आहे."

मी त्याला म्हटलं, की अजून बराच वेळ जायचाय, एवढ्यात रडू नकोस.

मग डावऱ्यांसाठीच्या बोल्ट रायफलची गोष्ट निघाली. ती मागवावी लागली असती आणि नाताळनंतर आली असती. रॉय म्हणाला, पुढच्या वर्षी जाईल, काय घाई आहे? एल्ना नुसती त्याच्याकडे बघत राहिली. रॉयनं तो विषय स्वतःच बाजूला केला.

पेन्रोझनं मग लिव्हरची रायफल काढली. खाली कडी असते, ती पुढं ढकलून मागं ओढली की नवं काडतूस वर येतं. डावा हात असो की उजवा, तिला फरक पडत नाही, आणि आमच्या दाट झाडीत निम्मे लोक तीच घेऊन हिंडतात. मला वाटलं, हीच. मी असते तर तीच घेतली असती, आणि तसं मी सांगितलंही. एल्नानं ती खांद्याला लावली, छान बसली. कडी सफाईनं चालवली. मग तिनं विचारलं, की भरलेली रायफल रिकामी कशी करायची? पेन्रोझनं दाखवलं: एकेक काडतूस कडीनं वर आणायचं आणि बाहेर टाकायचं, शेवटचं निघेपर्यंत. एल्नानं ते दोनदा करून बघितलं आणि डोकं हलवलं.

"आत अजून एक राहिलंय का, हे मला मोजून ठेवावं लागेल," ती म्हणाली. "मला बघायचंय. मोजायचं नाही."

मी तिला त्यावर काय सांगणार? डोळ्यांनी बघितल्याशिवाय बंदूक रिकामी मानू नका, हे वर्गात मीच घसा फोडून सांगत असते.

तोवर तिची नजर कोपऱ्यातल्या जुन्या मालाच्या रांगेकडे गेली होती. तिथे एका नळीची, मधून दुमडून उघडणारी एक रायफल होती. रंग उडालेला, दस्त्यावर ओरखडे, वर लहानशी दुर्बीण. एका वेळी एकच काडतूस. एल्नानं खटका दाबला, नळी खाली झुकली, आणि तिनं डावा डोळा लावून आरपार दुकानाच्या दाराकडे बघितलं. मग बंद केली. पुन्हा उघडली. डाव्या हातानं, उजव्या हातानं. मग तिनं माझ्या वर्गातला प्रकार केला: डोळा मिटून रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि डोळा उघडला. अशा वेळी दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे.

"कडेला काळी सावली येतेय," तिनं सांगितलं. "दस्ता लांब आहे. पण हा कापता येईल. लाकूडच आहे."

काडतूस कुठलं, ते मी विचारलं. पेन्रोझ म्हणाला, टू-फोर्टी-थ्री मापाचं; हरणाला पुरेसं आणि खांद्याला सोसणारं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पेन्रोझनं तिची दुसरी बाजूही सांगितली, आणि ते मला आवडलं. हिचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची हातोडी, दर वेळी अंगठ्यानं मागं ओढावी लागते. थंडीत, हातमोजे घालून, दुर्बिणीच्या खाली अंगठा घालणं अवघड; निसटला तर गोळी सुटते. म्हणून त्यानं एक छोटी खुंटी काढून दिली, घोड्याला डाव्या बाजूनं लागणारी. एल्नानं ती तिथेच बसवून घेतली आणि पेन्रोझचे जाडजूड हातमोजे मागून घेऊन रिकाम्या रायफलीवर घोडा चढवत आणि उतरवत राहिली. पेन्रोझ दुसऱ्या गिऱ्हाइकाला खिळे देऊन आला तरी तिचं चाललेलंच होतं.

रॉयचा धीर सुटला. "पण एकच गोळी, एल्ना. चुकलीस तर?"

"तर चुकले. दुसरी भरीन."

"हरीण थांबणार आहे तोवर?"

"नाही थांबणार. म्हणून पहिलीच नीट मारायची."

रॉयनं पाकीट काढलं.

घरी डोरिसनं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. जेवायचं ते टेबल, पण त्या दिवशी कचेरीतलं वाटत होतं. एल्नानं रायफल खोळीतून काढली, सगळ्यात आधी उघडली आणि तशीच उघडी आईसमोर ठेवली. डोरिस तिला हात लावायला तयार नव्हती. एल्नानं तिला मागच्या बाजूनं नळीतून बघायला सांगितलं. डोरिस वाकली. तिला नळीतून खिडकी दिसली, खिडकीबाहेरचं सफरचंदाचं झाड दिसलं.

"असं आरपार दिसलं की तिच्यातून काही होऊ शकत नाही," एल्ना म्हणाली. "चालताना ती अशीच उघडी हातावर असेल. गाडीत उघडी. शिकारीच्या कॅम्पवर उघडी. तुला लांबूनसुद्धा दिसेल, आई. मला विचारावं लागणार नाही."

डोरिसनं बराच वेळ नळीतून झाड बघितलं. मग तिनं स्वतः ती बंद करून बघितली, उघडून बघितली. खटका कुठे आहे ते विचारलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण बंदुकीला हात लावताना पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी ती म्हणाली, की ठीक आहे, टेबलावरून काढा, मला बटाटे सोलायचेत. यापेक्षा मोठी परवानगी तिनं दिली असती तर आम्हांलाच चुकल्यासारखं झालं असतं.

आता दस्ता कापायचा राहिला होता. एवढं नाजूक काम गावात एकच माणूस करू शकत होता, आणि तो माणूस आमच्याशी बोलत नव्हता. रॉय म्हणाला, मी करतो. रॉयनं केलेलं पक्ष्यांचं घरटं मी बघितलेलं आहे, पक्षीसुद्धा त्यात गेले नव्हते. एल्ना म्हणाली, मी उक्कींना विचारते. मी तिला म्हटलं, थोडे दिवस जाऊ दे. ती म्हणाली, का?

ती सरळ त्यांच्या लाकूडकामाच्या खोपटात गेली. मी तिच्या मागून गेले, दारातच थांबले. वडील कुऱ्हाडीचा दांडा घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. एल्नानं रायफल उघडून त्यांच्या बाकावर ठेवली आणि सांगितलं, की हिचा दस्ता मला लांब पडतो, आणि हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. खुशामत नव्हती ती. आमच्या भागात ते सगळ्यांना माहीत होतं.

वडिलांनी दांडा बाजूला ठेवला. रायफल हातात घेतली, उलटसुलट केली. लाकूड स्वस्तातलं आहे म्हणाले. मग म्हणाले, "कोपर वाकव." कोपराच्या खळगीत दस्त्याचं टोक टेकवून तिचं बोट चापापर्यंत कुठं पोचतं ते त्यांनी बघितलं. पेन्सिलीनं खूण केली. मग तिला उभं केलं, डोळा मिटून रायफल लावायला सांगितली, उघडायला सांगितला, सावली कुठल्या बाजूला येते ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी खूण थोडी हलवली. गाल कुठं टेकतो ते बघितलं आणि तिथलं लाकूड उतरवायचं ठरवलं. सगळं मिळून दहा-बारा शब्द झाले असतील, पण ते तिच्याशी बोलत होते. मी दारातून निघून आले.

काही दिवसांनी त्यांनी रायफल परत आणली. दस्ता आखूड झाला होता, डाव्या गालासाठी मऊ उतार आला होता, ओरखडे गेले होते, आणि टोकाला धक्का शोषणारं जाड रबर बसवलेलं होतं. खाणीवर एल्नानं पहिली गोळी झाडली तेव्हा मी पुन्हा तिचा चेहरा बघितला. डोळा उघडा होता. कागदावरची भोकं एका चमच्याखाली झाकली गेली असती. वडिलांनी तो कागद घडी करून खिशात घातला. कुणाला दाखवायला, ते सांगितलं नाही.

एका डोळ्याच्या माणसाला अंतर नीट कळत नाही, हे एल्नाला माहीत होतं. तिनं तेही सोडवलं. ऑक्टोबरात पानं गळली तेव्हा ती आणि मी कॅम्पवर, म्हणजे जंगलातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीवर, गेलो, तिची बसायची जागा ठरवली, आणि तिथून दोरीनं अंतर मोजून झाडांना फिती बांधल्या: जवळ लाल, मधे पिवळी, लांब निळी. निळ्याच्या पलीकडे मारायचं नाही, असं तिनंच ठरवलं.

पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, उजाडायच्या आत आम्ही दोघी जागेवर होतो. जमिनीवर नुसतं दहिवर होतं, बर्फ नव्हतं. सूर्य वर आल्यावर एक नर समोरच्या उंचवट्यावर आला. मोठा होता, शिंगं रुंद. पिवळ्या फितीच्या अलीकडे, आडवा उभा. असा प्राणी कॅम्पवरच्या कुणाला त्या दशकात मिळाला नव्हता. एल्नानं घोडा चढवला. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी वाट बघत होते, आणि गोळी सुटत नव्हती. हरणानं डोकं वर केलं, कान हलवले आणि उंचवट्यापलीकडे उतरून गेलं. एल्नानं नळी जमिनीकडे केली, अंगठ्यानं घोडा सावकाश उतरवला आणि रायफल उघडली.

मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "मागे आकाश होतं, आत्या. गोळी कुठं गेली असती ते दिसत नव्हतं."

उंचवट्यापलीकडे जुना लाकूडवाहतुकीचा रस्ता आहे, आणि त्या सकाळी तिथे माणसं असणारच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी कॅम्पवर रॉयनं हे ऐकलं आणि चेष्टा सुरू केली. एक गोळी होती तीही जपून ठेवली, म्हणाला. पोरगी काटकसरी आहे, चांगला संसार करील. एल्ना सूप पीत राहिली. वडील कोपऱ्यात पाव खात होते. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला आणि रॉयला म्हणाले, "तिच्या वयात तू मारली असतीस. मला ठाऊक आहे, तुझ्या वेळी मी तिथं होतो." मग वडील एल्नाला म्हणाले, "उद्या मी बसतो तुझ्याबरोबर."

रात्रीतून बर्फ पडलं. मी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, एका देवदाराच्या बुंध्याशी बसले होते, म्हणून पुढचं सगळं बघितलं. वडिलांनी आपली रायफल आणली होती, पण भरली नव्हती. दोघं खांद्याला खांदा लावून बसले. सकाळभर काही नाही. एक खार आली, गेली. वडिलांनी थर्मासमधली कॉफी ओतून एल्नाला दिली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं: "घे."

मग खालच्या बाजूनं एक तरुण नर आला. दोन-दोन टोकांची शिंगं. चार पावलं चालायचा, थांबायचा, बर्फ हुंगायचा. मागे दाट देवदारांचा चढ. लाल फीत ओलांडून आला, पण तोंड आमच्याकडे. एल्ना हलली नाही. वडील हलले, त्यांची बोटं गुडघ्यावर आवळली गेली. हरीण वळलं, आडवं झालं, पुढचा पाय पुढं टाकला. तेव्हा तिनं झाडली.

हरीण उसळलं आणि झाडीत घुसलं. वडील अर्धे उठले. एल्नानं तोवर रायफल उघडून रिकामं काडतूस काढलं होतं, नवं घातलं होतं.

"बसा, उक्की," ती हळूच म्हणाली. "पडू दे त्याला. आता मागं लागलो तर आणखी पळेल."

माझे वडील, ज्यांना त्या जंगलात साठ वर्षं कुणी बसायला सांगितलं नव्हतं, ते बसले. दोघांनी उरलेली कॉफी संपवली. मग आम्ही तिघं माग काढत गेलो. बर्फावर लाल थेंब, मग मोठे ठिपके, मग एका पडलेल्या खोडापलीकडे हरीण. खांद्यामागे, जिथं असायला हवं तिथं एक भोक. एल्नानं रायफल उघडून झाडाला टेकवली, गुडघ्यावर बसली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. थोडा वेळ तशीच होती. चेहरा गंभीर होता, पण ती रडली नाही. मग बाह्या वर करून तिनं सुरी मागितली. वडील सांगत गेले, ती करत गेली. एकदाच मधे थांबून तिनं बर्फ उचलून तोंडावर चोळलं आणि पुन्हा कामाला लागली.

ओढत न्यायचं म्हटल्यावर दोघांत वाद झाला. वडील म्हणत होते दोरी मी घेतो, ती म्हणत होती हरीण माझं आहे. शेवटी एकेक शिंग धरून दोघं ओढत गेले. उतारावर वडील घसरून बसले आणि हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी डोरिस कॅम्पवर आली. तिनं हरणाचं काळीज कांद्याबरोबर लोण्यात परतलं, सगळ्यांना वाढलं, आणि पहिला मोठा तुकडा एल्नाच्या ताटात टाकला. रॉयनं लेकीची जाहीर माफी मागितली, ती एल्नानं त्याच्याकडून महिनाभर भांडी घासून घ्यायच्या बोलीवर मान्य केली.

पुढं हिवाळाभर चर्चच्या कॉफीला, पेन्रोझच्या दुकानात, न्हाव्याकडे माझे वडील एरवी बोलायचे त्याच्या चौपट बोलले. मी टपाल वाटत फिरते, त्यामुळे ते काय सांगत होते ते मला दारोदार ऐकायला मिळालं. लहान मुलांना सुरुवातीला एका गोळीचीच रायफल द्यावी, असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं म्हणे. डोळा, खांदा, दस्त्याची लांबी, सगळा विचार करून ती म्हणे त्यांनीच निवडली होती. मी हे एल्नाला सांगितलं तेव्हा ती बूट घालत होती.

"सांगू दे की," ती म्हणाली. "दस्ता तर त्यांनीच कापला ना?"